डबल निकल आणि ‘भरधाव’

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नातवाला गाडी शिकण्याचा परवाना मिळाला. आपल्या मिशिगनमध्ये १४ वर्षं ९ महिने पूर्ण झाले की हा पहिला परवाना मिळतो. मग आईबापांचा, आणि ते कामात असले की आजोबांचा, शेजारच्या सीटवर बसून रामरक्षा म्हणण्याचा कार्यक्रम सुरू होतो. आय-७५ वर त्याला घेऊन गेलो तेव्हा पोरानं काटा बरोब्बर ७० वर धरला होता. डावीकडून गाड्या सूं सूं करत जात होत्या. एका ट्रकवाल्यानं तर मागून भोंगाही वाजवला. पोरगं हिरमुसलं. म्हणालं, "आजोबा, पाटीवर ७० लिहिलंय. मी ७० ने चाललोय. मग सगळे माझ्यावर का चिडतायत? ते सगळे चूक आणि मी एकटा बरोबर, असं कसं?"

मी म्हटलं, "तू चालव. घरी गेल्यावर सांगतो."

घरी गेल्यावर सांगायला बसलो, पण पाच मिनिटांत आटोपेना. मी १९७३ साली या देशात आलो. गाड्यांच्या डॅशबोर्डवरची घड्याळं आणि काटे बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं नोकरी केली. म्हणजे वेग दाखवणारा काटा हेच माझं पोट. त्यातलं दीड वर्ष जर्मनीत काढलं. गाडी शिकलो मात्र पुण्यात, टिळक रस्त्यावर, सायकलींच्या लोंढ्यात. त्यामुळे नातवाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी तीन देशांत विखुरलेलं आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी "काहीतरी लिहा हो" म्हणून या वर्षी पुन्हा गळ घातली, तेव्हा म्हटलं, हेच लिहू या.

वेगावर मर्यादा घालायची कल्पना मोटारींच्याही आधीची आहे. इंग्लंडमध्ये १८६५ साली एक कायदा झाला. रस्त्यावर वाफेची इंजिनं धावू लागली होती आणि त्यांनी घोडे बुजत. म्हणून कायद्यानं ठरवलं की अशा वाहनानं गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल यापेक्षा जोरात जायचं नाही, आणि त्याच्या ६० यार्ड पुढे एका माणसानं लाल निशाण घेऊन चालायचं. ताशी २ मैल म्हणजे आपण मंडईत भाजी बघत फिरतो तो वेग! पुढे निशाणाची सक्ती गेली, तरी वेगाची मर्यादा मात्र राहिली. १८९६ च्या जानेवारीत केंट परगण्यात वॉल्टर आर्नोल्ड नावाच्या गृहस्थानं गावातून ताशी ८ मैलांनी मोटार नेली. एका पोलिसानं सायकलवरून पाठलाग करून त्याला धरलं आणि वेगाबद्दल १ शिलिंग दंड झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कायदा बदलला आणि मर्यादा १४ मैलांवर गेली. तो आनंद साजरा करायला मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या पळवल्या. जुन्या मोटारींची ती फेरी अजूनही दर नोव्हेंबरात निघते.

यातली गंमत मला आवडते ती पुढची. १९०३ साली इंग्लंडात मर्यादा २० मैल झाली आणि पोलीस झुडपांत लपून, हातात स्टॉपवॉच घेऊन गाड्या पकडू लागले. त्यावर उतारा म्हणून १९०५ साली मोटारवाल्यांनी चक्क एक संघटना काढली. तिची माणसं सायकलवरून रस्त्यांवर फिरत आणि पुढे पोलीस दबा धरून बसलेत हे सभासदांना कळवत. १९१० साली कोर्टानं असा इशारा देणं हा गुन्हा ठरवला. मग युक्ती निघाली. एरवी सभासदाची गाडी दिसली की हा सायकलवाला कडक सलाम ठोकायचा. सलाम ठोकला नाही, तर समजायचं की पुढे पोलीस आहे. सलाम न ठोकल्याबद्दल कुणाला कोर्टात खेचणार? पुढे १९३० साली मोटारींवरची मर्यादा काढूनच टाकली. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. १९३५ साली वस्तीतली ३० मैलांची मर्यादा आली, ती आजही बहुतेक ठिकाणी आहे.

या बाबतीत आपलं डेट्रॉइटही काही मागे नाही. काँक्रीटच्या हायवेचा पहिला मैल वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९०९ साली झाला, सिक्स माइल आणि सेव्हन माइलच्या मधे. आपल्यातले निम्मे लोक तिथून रोज जातात आणि निम्म्यांना हे ठाऊक नसतं. रस्त्याच्या मध्यभागी पांढरी रेघ मारायची कल्पना १९११ साली आपल्याच वेन काउंटीत प्रत्यक्षात आली. दुधाच्या गाडीतून सांडलेल्या दुधाची रेघ बघून ती सुचली असं सांगतात. खरंखोटं त्या गवळ्याला माहीत. स्टॉपची पाटी १९१५ साली इथलीच, आणि तीन रंगांचा चौबाजू दिवा १९२० साली एका डेट्रॉइटच्या पोलिसानंच बनवलेला. ज्या गावानं जगाला मोटारी दिल्या, त्याच गावाला त्या थांबवायच्या कशा याचीही सोय करावी लागली. वेगाचा पहिला राज्यव्यापी कायदा मात्र कनेटिकटचा, १९०१ सालचा. शहरात १२ मैल, बाहेर १५.

हे सगळं पुस्तकातलं. माझ्या डोळ्यांदेखत घडलं ते ५५ चं प्रकरण.

मी आलो ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं बंद केलं. मला वाटलं, आपल्या पायगुणानंच झालं! पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. आम्ही विद्यार्थी, आमच्याकडे चौघांत मिळून एक १९६४ सालचं डबडं होतं. रॉकेलच्या रांगेत उभं राहायची सवय भारतातून घेऊनच आलो होतो, त्यामुळे आम्हांला त्याचं काही वाटेना. अमेरिकन माणसं मात्र कावरीबावरी झाली होती. त्यांना रांग हा प्रकारच नवा होता. अध्यक्ष निक्सननी पंपवाल्यांना रविवारी बंद ठेवायची विनंती केली. आणि २ जानेवारी १९७४ रोजी कायद्यावर सही केली, की साऱ्या देशात ताशी ५५ मैलांपेक्षा जास्त वेगाला परवानगी देणाऱ्या राज्याला केंद्राकडून हायवेचे पैसे मिळणार नाहीत.

त्याआधी ज्याचा त्याचा कायदा होता. मिशिगनमध्ये फ्रीवेवर ७० होते. मोंटाना आणि नेवाडात तर दिवसा आकडाच नव्हता. लक्षात घ्या, हा कायदा जीव वाचवायला केलेला नव्हता, तेल वाचवायला केला होता. दुसऱ्या महायुद्धात १९४२ सालीही असंच झालं होतं. तेव्हा ३५ मैलांची मर्यादा आली ती टायरचं रबर वाचावं म्हणून. पण ५५ चा कायदा लागू झाल्यावर वर्षअखेरीला आकडे आले आणि सगळे चकित झाले. १९७३ साली देशात रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसं मेली होती, १९७४ साली सुमारे ४५ हजार. लोक गाड्याच कमी चालवत होते, हेही त्यामागे होतंच. तरी वेगाचा वाटा होता हे नाकारता येईना. म्हणून तेलाची टंचाई सरली तरी अध्यक्ष फोर्डनी १९७५ च्या जानेवारीत ५५ कायम केलं.

आणि मग सुरू झाला तेरा वर्षांचा लपंडाव. पाच-पाच म्हणून ट्रकवाले ५५ ला ‘डबल निकल’ म्हणत. निकल म्हणजे पाच सेंटचं नाणं. त्यांनी सीबी रेडिओ बसवले आणि पोलीस कुठे आहे ते एकमेकांना सांगू लागले. वर सांगितलेल्या सलामाचीच ही बिनतारी आवृत्ती. पोलिसाला ते ‘स्मोकी’ म्हणत, कारण त्याची टोपी जाहिरातीतल्या स्मोकी अस्वलासारखी असे. हे वेड सगळ्या देशाला लागलं. गाणी निघाली, सिनेमे निघाले. आमच्या मराठी टोळक्यानंही दोन गाड्यांत सीबी बसवले. प्रत्येकानं टोपणनाव घ्यायचं असे. एक मित्र ‘मावळा’ झाला, दुसरा ‘बटाटावडा’. शिकागोला जाताना आय-९४ वर "बटाटावडा, बटाटावडा, पुढे अस्वल आहे, ओव्हर" असं शुद्ध मराठीत चालायचं. अधूनमधून एखादा ट्रकवाला वैतागून विचारायचा, ही कोणती भाषा आहे म्हणून.

बटाटावडा एकदा झोपला आणि मी पकडला गेलो. १९७६ चा उन्हाळा, काटा ६७ वर. मागे लाल-निळे दिवे लागले. मी गाडी कडेला घेतली आणि पुण्यातल्या सवयीप्रमाणे दार उघडून खाली उतरलो, हात जोडून पोलिसाकडे निघालो. आपल्याकडे हवालदारानं शिट्टी मारली की उतरून त्याच्यापाशी जाणं ही सभ्यता. बसून राहणारा उर्मट. इथे मात्र तो पोलीस दोन पावलं मागे सरला, त्याचा हात कमरेला गेला आणि त्यानं ओरडून मला गाडीत बसायला सांगितलं. माझे हात तसेच जोडलेले. आमची सौ. गाडीतून कुजबुजत होती, "अहो, या ना आत!" दोघंही एकमेकांना घाबरलो होतो, हे मला फार नंतर कळलं. आत बसल्यावर तो शांतपणे आला, सर म्हणून बोलला, तिकीट दिलं, जपून जा म्हणाला. त्या तिकिटाचे ३० डॉलर जड गेले, पण तो धडा मी नंतर आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला विमानतळावरून आणतानाच दिला आहे. गाडीतून उतरायचं नाही. हात चाकावर.

कामावर याच ५५ नं आणखी एक करामत केली. सरकारनं नियम काढला की सप्टेंबर १९७९ नंतर बनणाऱ्या गाड्यांच्या काट्याखाली ८५ च्या वरचे आकडेच छापायचे नाहीत आणि ५५ चा आकडा उठून दिसला पाहिजे. म्हणजे गाडी ११० ने पळाली तरी काटा ८५ वर जाऊन मुकाट बसणार. त्या तबकड्यांच्या ड्रॉइंगवर मी स्वतः काम केलं आहे. आमच्या खात्यात हसून हसून पुरेवाट झाली होती. आकडा पुसला म्हणजे वेग गेला, हा युक्तिवाद ऐकून मला घरची आठवण यायची. थर्मामीटर फोडला की ताप उतरला! रेगन सरकारनं १९८२ साली तो नियम काढून टाकला.

१९८४ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेनं दहा वर्षांचा हिशेब मांडला. ५५ मुळे दर वर्षी दोन ते चार हजार जीव वाचतात, असा तिचा अंदाज होता. इतके जीव, आणि तरी लोक तो कायदा पाळायला तयार नव्हते. पश्चिमेकडच्या राज्यांत तर सरकारच पाळायला तयार नव्हतं. मोंटानात दिवसा ५५ च्या वर गेलं तर दंड होता ५ डॉलर, तोही वेगाबद्दल नव्हे तर इंधन वाया घालवल्याबद्दल. लोक पाच-पाचच्या नोटा गाडीच्या कप्प्यात तयार ठेवत. शेवटी १९८७ साली गावाबाहेरच्या इंटरस्टेटवर ६५ ची मुभा मिळाली आणि १९९५ च्या नोव्हेंबरात क्लिंटननी केंद्राचा तो कायदाच रद्द केला. राज्यांचा अधिकार राज्यांना परत गेला. मिशिगन पुन्हा ७० वर आलं, आणि २०१७ पासून उत्तरेकडच्या काही हायवेवर ७५ वर. टेक्ससमध्ये एका टोलरस्त्यावर २०१२ पासून ८५ आहे.

नातवाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. या देशातले रस्त्यांचे इंजिनियर पुष्कळदा मर्यादा ठरवतात ती अशी: रस्ता मोकळा असताना लोक किती वेगानं जातात ते मोजायचं, आणि शंभरातले ८५ लोक ज्या वेगाच्या आत असतील तो आकडा पाटीवर लिहायचा. आपले राज्य पोलीस या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते. म्हणजे लोकांनी पाटी बघून वेग ठरवायचा आणि पाटीनं लोकांना बघून! नातू म्हणाला, "मग सगळ्यांनी ९० ने गेलं तर पाटी ९० होईल?" मी म्हटलं, "वकील हो."

मोंटानाची गोष्ट अजून संपलेली नाही. १९९५ नंतर त्यांनी आपला जुना कायदा परत आणला. दिवसा आकडा नाही. फक्त ‘वाजवी आणि विवेकी’ वेगानं चालवा. एका माणसाला पोलिसानं ८५ मैलांबद्दल तिकीट दिलं. तो भांडत वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि १९९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हा कायदाच मोघम आहे; वाजवी म्हणजे किती हे माणसाला आधी कळणार कसं? १९९९ साली त्यांना नाइलाजानं ७५ चा आकडा लिहावा लागला.

ही बातमी मी इथल्या वर्तमानपत्रात वाचली आणि पेपर खाली ठेवला. मला दुसरा एक कागद आठवला.

माझा धाकटा भाऊ १९८३ च्या नोव्हेंबरात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात गेला. वय २८. मुंबईचं काम आटपून रात्री फियाटनं पुण्याला परत येत होता. वळणावर एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडत समोरून आला. मला ट्रंक कॉल आला तेव्हा इथे दुपार होती आणि मी ऑफिसात एका तबकडीवरच्या आकड्यांची जाडी ठरवत होतो. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दहाव्याला ओंकारेश्वरावर गेलो. नंतर वडिलांबरोबर पोलीस ठाण्यात. तिथे फिर्यादीचा कागद वाचायला मिळाला. त्यात लिहिलं होतं, ट्रकचालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून... पुढचं वडिलांनी वाचू दिलं नाही.

तुम्ही महाराष्ट्रातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, अपघाताच्या बातमीत हे शब्द भेटतील. भरधाव. मी काट्यांचा माणूस, मला वाटलं, किती? चाळीस? साठ? ऐंशी? त्या कागदावर आकडा नव्हता. तो असायची गरजही नव्हती. भारतीय दंडसंहितेचा मसुदा मेकॉलेच्या समितीनं १८३७ साली केला, कायदा १८६० साली झाला. रस्त्यावर तेव्हा घोडागाड्या होत्या. त्यातलं २७९ कलम इतकंच म्हणे की माणसाच्या जिवाला धोका होईल अशा अविचारानं वा हयगयीनं कुणी वाहन हाकू नये. मृत्यू झाला तर ३०४-अ, ते १८७० साली घातलेलं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे नंबर बदलले, अविचार आणि हयगय तिथेच आहेत. मोटार कायद्यात वेगाच्या मर्यादा वेगळ्या होत्या, १९३९ च्या कायद्यातही आणि १९८८ च्याही. पण आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यांपैकी किती जणांना त्या ठाऊक होत्या? मला नव्हत्या. टिळक रस्त्यावर शिकवणाऱ्या मास्तरांनी मला भोंगा कधी वाजवायचा ते दहा वेळा सांगितलं, मर्यादा एकदाही नाही. तसं त्यांचंही बरोबरच. रस्ताच मर्यादा घालत होता: खड्डे, बैलगाडी, म्हशी, शाळेची मुलं. १९८८ च्या कायद्यात वेगाबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड होता ४०० रुपयांपर्यंत. २०१९ साली तो मोटारींना एक ते दोन हजारांवर नेला.

तो ट्रकवाला सुटला की त्याला शिक्षा झाली, ते वडिलांनी मला कधी कळवलं नाही. मीही विचारलं नाही.

१९८५ साली कंपनीनं मला श्टुटगार्टजवळ पाठवलं. आईचं पत्र आलं, तिकडे वेगाला धरबंध नसतो म्हणे, तू गाडी चालवू नकोस. आईचं चुकत नव्हतं. जर्मनीत १९३९ साली घातलेल्या मर्यादा पश्चिम जर्मनीनं १९५२ च्या अखेरीला सरसकट काढल्या, गावातसुद्धा! माणसं इतकी मरू लागली की १९५७ साली गावात ५० किलोमीटरची मर्यादा परत आणावी लागली. १९७० साली पश्चिम जर्मनीत रस्त्यांवर १९ हजारांवर माणसं मेली. मग १९७२ साली गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर १०० किलोमीटर. तेलाच्या टंचाईत आटोबानवरही १०० केले होते, पण नोव्हेंबर १९७३ ते मार्च १९७४, एवढेच महिने. तिथल्या मोटारवाल्यांच्या मोठ्या क्लबानं मोहीम काढली: मोकळ्या नागरिकांना मोकळा रस्ता. अमेरिकेनं तोच कायदा एकवीस वर्षं चालवला आणि कुरकुरत मोडला. जर्मनांनी साडेतीन महिन्यांत उडवून लावला. १९७८ पासून तिथे आटोबानवर १३० ची शिफारस आहे. शिफारस म्हणजे सल्ला, दंड नाही.

पहिल्याच आठवड्यात ऑफिसातला एक सहकारी मला त्याच्या गाडीतून घेऊन गेला. काटा १८० वर. किलोमीटर हो, मैल नव्हे, तरी माझ्या पोटात गोळा. मी न राहवून दरवाज्यावरची मूठ घट्ट धरली. तो शांत. डाव्या लेनमध्ये जायचा, ओलांडायचा, लगेच उजवीकडे परत. उजवीकडून ओलांडणं तिथे गुन्हा. मागून कुणी दिवे चमकवले की चिडायचं नाही, वाट द्यायची. आणि मग आम्ही आटोबानवरून उतरलो. गावाच्या नावाची पिवळी पाटी आली आणि याची गाडी त्या पाटीपाशी ५० वर होती. अलीकडे नाही, पलीकडे नाही. पहाटेची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी विचारलं, इथे कोण बघतंय? त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "इथे माणसं राहतात."

आज एकत्रित जर्मनीत वर्षाला तीन हजारांच्या आत माणसं रस्त्यावर मरतात. २०२२ साली अमेरिकेत साडेबेचाळीस हजार, भारतात १,६८,४९१. लोकसंख्येचा हिशेब करूनही जर्मनीचा आकडा आपल्या इथल्या अमेरिकेपेक्षा फार खाली येतो. बिनमर्यादेचा आटोबान असून. यावरून मर्यादा नकोच असा निष्कर्ष काढणारे आमच्या ब्रिजच्या अड्ड्यावर दोघं आहेत. ते हे विसरतात, की तिथे ड्रायव्हिंग स्कूलशिवाय परवाना नाही, आणि जिथे पाटी आहे तिथे ती पाळली जाते.

मर्यादा म्हणजे नक्की काय, हे देशोदेशी निराळंच. माझा मेहुणा अबूधाबीला होता. तिथे पाटीपेक्षा २० किलोमीटर जास्त जायची मुभा असे, म्हणून सगळे पाटीत २० मिळवूनच वाचत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं ती मुभा काढली, आणि पाट्यांवरचे आकडे २० नं वाढवले! फिनलंडमध्ये दंड मिळकतीच्या प्रमाणात. नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला २००२ साली ५० च्या जागी ७५ ने गेल्याबद्दल एक लाख सोळा हजार युरो दंड ठोठावला होता. नंतर तो पुष्कळ कमी झाला म्हणा.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण झाला. ९४ किलोमीटर, दुचाकींना बंदी, मधे दुभाजक. पहिल्यांदा त्यावरून गेलो तेव्हा मला वाटलं, हा वीस वर्षं आधी का नाही झाला. मर्यादा होती ८० किलोमीटर, म्हणजे ५० मैल. आमच्या डबल निकलपेक्षाही कमी! नवा कोरा रस्ता आणि पाळत कुणीच नव्हतं. शंभर वर्षांत पहिल्यांदाच मोकळा रस्ता मिळालेली माणसं ती. आधी रस्ता अडवत होता, आता काही अडवेना. समोरून येणारा ट्रक गेला, पण बंद पडलेला, दिवे नसलेला ट्रक लेनमध्येच उभा, हे नवीन संकट आलं. पुढे मोटारींना सपाटीवर १०० झाले, घाटात ६०. २०२४ च्या जुलैपासून जागोजागी कॅमेरे आहेत.

गेल्या डिसेंबरात आम्ही सगळे पुण्याला गेलो. विमानतळावर पुतण्या घ्यायला आला होता. बाप गेला तेव्हा हा दोन वर्षांचा होता, आता चव्वेचाळिशीचा आहे. गाडी तोच चालवत होता, मी शेजारी, नातू मागे. पनवेल सोडलं आणि गंमत बघायला मिळाली. कमान दिसली की सगळ्या गाड्या शहाण्यासारख्या शंभरावर येत, कमान मागे पडली की पुन्हा सव्वाशे. पुतण्याचा फोन आधीच टिंगटिंग करून कॅमेऱ्याची वर्दी देत होता. नातू मला म्हणाला, "आजोबा, हे तर तुमचं बटाटावडा!" पुतण्याला काही कळेना. त्याला सीबीची सगळी गोष्ट सांगितली. तो खूप हसला. हसणं अगदी बापाचं.

खोपोली मागे पडलं आणि घाट लागला. बोलणं आपोआप थांबलं. जुना रस्ता जिथे वेगळा होतो, तिथून तो वर बघत नाही, हे मला त्याच्या आईनं सांगितलं होतं. मी काट्याकडे बघितलं. ६०. बरोब्बर ६०. डावीकडून एक टेम्पो गेला, उजवीकडून दोन गाड्या. मागे एकानं भोंगा वाजवला, परत वाजवला. पुतण्या ढिम्म.

मागून नातू हलकेच म्हणाला, "आजोबा, साठ म्हणजे सदतीस मैल."

"हो," मी म्हटलं. लोणावळा येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.